काचेतली ओरिजिनल

मेजरसाहेब कुठलीही वस्तू आधी तळहातावर तोलत. घड्याळ असो, भरताचं वांगं असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, डोळे मिटायचे, हात वरखाली करायचा आणि निकाल द्यायचा, "ओरिजिनल आहे," किंवा "यात काही दम नाही." निकाल कोणी पडताळून पाहत नसे, त्यामुळे तो नेहमी बरोबरच असे.

ते मेजर कधीच नव्हते. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले होते आणि कॉलेजात असताना एनसीसीत होते. पण तेवढ्यावर त्यांनी मिशा वाढवल्या आणि बाकीचं काम यवतमाळच्या लोकांनी केलं. आमचा नेमबाजी क्लब मात्र त्यांनीच उभा केला, हे कबूल करायला हवं. परवान्यांसाठी ते जेवढे जिने चढले तेवढे दुसरं कोणी चढलं नसतं. पुढे त्या उपकाराची आठवण ते रोज चहाच्या आधी आणि नंतर करून देत, हा भाग वेगळा.

क्लबकडे पॉइंट टू टू बोअरचं एकच चांगलं परदेशी पिस्तूल होतं. त्याच्याबरोबर कंपनीची एक मॅगझीन आली होती. गोळ्या भरून पिस्तुलात सरकवायची ती चपटी पेटी. मेजरसाहेबांनी तिचं तेच केलं, जे आपल्या घरांत चांगल्या कपबश्यांचं होतं. कपाटात ठेवून कुलूप लावलं. दसऱ्याला ती बाहेर यायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल घेऊन परत आत जायची. सरावासाठी त्यांनी नागपूरच्या एका दुकानातून दुसऱ्याच कुणी बनवलेल्या मॅगझीन आणल्या. कोणी त्यांना डुप्लिकेट म्हटलं की ते चिडत.

"डुप्लिकेट नाही, पर्यायी म्हणा. लोखंड तेच, स्प्रिंग तीच. कंपनीवाले नुसतं नाव विकतात."

"मग कंपनीची कुलपात कायले?" मी एकदा विचारलं.

"बाप्पा! ते ओरिजिनल आहे ना! वापरली तर खराब नाही होणार?"

या गोळीच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. मॅगझीनचं तोंड केसभर जरी वाकडं असलं, तरी एका गोळीचा काठ दुसरीच्या काठात अडकतो आणि पिस्तूल मुकं होतं. पर्यायी मॅगझीन हे काम निष्ठेने करत. मेजरसाहेब दर वेळी गोळी तळहातावर तोलून सांगत, "गोळीच खराब आहे."

या सगळ्यात भरडली गेली ती वैष्णवी. ती नेरहून एसटीने सरावाला यायची आणि आमच्यात खरा नेम फक्त तिचाच होता. विभागाच्या निवड स्पर्धेच्या आधी तिने हात जोडले.

"काका, एका दिवसासाठी मले ओरिजिनल द्या. तिथे पिस्तूल अडकलं तर एकदाच माफी असते."

"अवं पोरी, हिंमत पाहिजे, मॅगझीन कायले पाहिजे?"

स्पर्धेत पिस्तूल एकदा अडकलं, माफी मिळाली. त्याच टप्प्यात पुन्हा अडकलं, आणि उरलेल्या गोळ्या शून्यात गेल्या. निवड हुकली. परतीच्या गाडीत मेजरसाहेबांनी तिला घरून आणलेला चिवडा दिला, थर्मासमधला चहा दिला आणि एकाग्रतेवर नेरपर्यंत व्याख्यान दिलं.

तिला वयाच्या गटात शेवटची एक संधी उरली होती. तेवढ्यात मेजरसाहेब मुलाकडे पुण्याला जायला निघाले. आम्हाला वाटलं, कपाट उघडेल. ते उघडलंही. पण मेजरसाहेबांनी निरोप समारंभासाठी स्वतःच ठरवलं की ओरिजिनल मॅगझीन त्यांच्या नावासह काचेत बसवून क्लबच्या भिंतीवर कायमची लावावी. ती पुसून फ्रेमवाल्याकडे न्यायचं काम वैष्णवीकडे आलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी क्लबात शिकवायला गेलो तेव्हा ती टेबलाशी बसून पर्यायी मॅगझीनला हळदकुंकू लावत होती.

"सर, मी चुकीचं करून राह्यली का?"

"कुंकू जरा जास्त लाव," मी म्हणालो.

समारंभात काच बंद करण्याआधी मेजरसाहेबांनी मॅगझीन एकदा हातात मागितली. वैष्णवीचा चेहरा उतरला. तळाशी कंपनीचं नाव आहे की नाही, एवढं पाहिलं असतं तरी संपलं होतं. पण डोळे उघडे ठेवून वस्तू पाहणं त्यांच्या पद्धतीत नव्हतं. त्यांनी ते मिटले, हात वरखाली केला आणि म्हणाले, "याले म्हणतात वजन!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वैष्णवीने वाजवल्या.

पुढच्या निवड स्पर्धेत तिचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. ती निवडली गेली. संध्याकाळी पुण्याहून फोन आला.

"मी काय सांगत होतो? पर्यायी मॅगझीनवरच पोरगी निवडली गेली! ओरिजिनल तर भिंतीवर आहे!"

तेव्हापासून ते जिल्हाभर फोनवरून सल्ला देत असतात. परवा वणीच्या नव्या क्लबातून एकाने मला फोन केला. मेजरसाहेबांच्या सांगण्यावरून मागवलेल्या मॅगझीनमध्ये गोळ्या सारख्या अडकत होत्या.

"कंपनीची कुठे आहे?" मी विचारलं.

"कपाटात. साहेब म्हणाले, तिले हात नका लावू."

मी त्यांना आमच्या फ्रेमवाल्याचा नंबर दिला.