नानांचे टक्के

नानांना काहीही विचारलं की ते आधी डोळे मिटायचे. साक्रीची बस वेळेवर येईल का, केळीला यंदा भाव मिळेल का, समोरच्या घरातलं जमू घातलेलं लग्न जमेल का; ओठ किंचित हलायचे आणि मग टक्के बाहेर पडायचे. जळगावच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म संख्याशास्त्र शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे लग्न होऊन पिंप्राळ्यात आले, तर शेजारी नाना.

वर्गात एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, देव असण्याची शक्यता किती?" मुलं हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग म्हणाले, "माझा आकडा निम्म्याच्या खाली आहे. पण तो स्थिर नाही. पहाटे वाढतो, वैशाखातल्या दुपारी उतरतो."

घरात मात्र राज्य अक्कांचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं. त्या देव्हाऱ्यापुढे रोज सांजेला दिवा लावायच्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "यास्ना देव बठ्ठा गणितमा शे." यांचा देव सगळा गणितातच, हे ऐकून नाना मान डोलवायचे.

मग अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही. गल्लीतल्या बायकांनी देवीला नवस बोलले. नाना कशालाच नको म्हणाले नाहीत. सांजेचा दिवा आता तेच लावू लागले. दुपारी निंबाच्या सावलीत अक्कांची खाट टाकायचे आणि शेजारी बसून आपल्या गावच्या बोलीत त्यांच्याशी बोलत राहायचे. डोंगरातला आठवडी बाजार, मोहाच्या फुलांचा वास, पहिल्यांदा पाहिली तेव्हाची तिची हिरवी चोळी. फाटकासमोरून जाताना मला वाटायचं, त्या अंगणातलं ऊन निराळंच आहे, जरा जुनं.

असेच कितीतरी महिने गेले. एका दुपारी नाना पुन्हा त्या हिरव्या चोळीपाशी आले आणि अक्का म्हणाल्या, "पिवयी."

चोळी पिवळी होती.

गल्लीत पेढे वाटले गेले. देवी पावली, असं सगळ्यांनी ठरवलं. मी नानांना विचारलं, आता तरी तुमचा आकडा वाढला ना? ते देव्हाऱ्यापुढे वात सारखी करत होते.

"दवाखान्यात हिच्या शेजारी आणखी बाया होत्या," ते म्हणाले. "त्यांच्याही घरच्यांनी नवस बोलले होते. त्या अजून मुक्याच आहेत. त्यांना सोडून कसं मोजू?"

"मग दिवा का लावता?"

वात पेटली. नानांनी काडी विझवली. "आकडा मना शे, बेटा. दिवा तिना शे." आकडा त्यांचा, दिवा अक्कांचा.

अक्का त्यानंतर काही वर्षं राहिल्या, पाय ओढत हळू चालत, मोजकं बोलत, बहुतेक वेळा नानांच्या चुका काढत. त्या गेल्यावर नाना साक्रीजवळच्या आपल्या गावी निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. शेताच्या बांधावर एकटेच बसून बोलत होते. हरभऱ्याला घाटे धरल्याचं कोणाला तरी सांगत होते. मी जवळ बसले. मग विचारलं, अक्का ऐकतात असं वाटतं का?

"माहीत नाही," नाना म्हणाले. "लोक म्हणतात, बोलून आपलं काय जातं? ऐकत असली तर फायदाच. पण तो व्यापार झाला, बेटा. मला तिच्याशी बोलायचं असतं, म्हणून बोलतो."

उन्हं कलल्यावर ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. पांढुरक्या धुळीची वाट, दूर धुरकट डोंगर. मधेच ते थांबायचे, मागे न बघता, हळू चालणारं कोणी येऊन गाठेल इतका वेळ. आणि मग पुन्हा चालू लागायचे. पहिल्यांदा मी पुढे निघून गेले. नंतर मीही त्यांच्याबरोबर थांबू लागले.

होळीच्या आत नाना गेल्याचा निरोप आला.