लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरचं बंद दार

या ब्लॉगवर तुम्ही येता ते किल्ल्यांसाठी आणि किल्ल्यांखालच्या खानावळींसाठी. या वेळी दोन्ही नाही. पुणे ते लालबाग, दोन दिवस, एक मुक्काम. दोन डोस झालेल्यांसाठी मुंबई हळूहळू उघडायला लागली होती आणि सुनीलचा फोन आला, की मावशीची खोली रिकामी करायची आहे, तू येतेस की मी सगळं भंगारात घालू? सुनील माझा मावसभाऊ, दुसऱ्या मावशीचा मुलगा. गिरगावात राहतो आणि असंच बोलतो. मी म्हटलं, येते.

आधी मावशीबद्दल. शालनमावशी लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. पहिल्या टाळेबंदीत ती घरातल्या घरात पडली आणि गेली. कोविडचा काही संबंध नव्हता, मोरीपाशी पाय घसरला असावा. तिसऱ्या दिवशी दार फोडलं तेव्हा कळलं. आमच्या चाळींमध्ये दिवसा कोणी दार लावत नाही. दार बंद म्हणजे बिऱ्हाड गावाला गेलं, एवढा साधा हिशेब असतो. त्याच आठवड्यात मजल्यावरची दोन कुटुंबं पास काढून मालवणला गेली होती. मावशीही त्यांच्याच गाडीतून गेली, असं बाकीच्यांनी धरून चाललं. सुनीलने दाराला लॅच बसवून दिलं होतं, त्यामुळे बाहेर कुलूप आहे की नाही हे बघायचाही प्रश्न नव्हता.

नंतर सगळा मजला सावंतकाकांवर उलटला. काका मावशीचे शेजारी, चाळीच्या कमिटीत होते. महापालिकेच्या सूचना आल्या की खाली फळ्यावर लिहायचे आणि मग प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवायचे. यांनीच म्हातारीला घाबरवलं, यांनीच दार लावायला सांगितलं, असं ठरून गेलं.

दार लावायला मी सांगितलं होतं. हे काकांना समोर बसून सांगायचं, एवढ्यासाठी मी निघाले. खोली हे निमित्त.

त्या आठवड्यातला गुरुवारचा आमचा शेवटचा फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे. मागून गॅलरीतली बडबड ऐकू येत होती, म्हणून मी विचारलं, “मावशी, दार उघडंच आहे ना?”

“मगे? दार लावन बसाक मी काय गावाक गेलंय?”

“आत्ताच्या आत्ता लाव. खिडकीसुद्धा. लागल्याचा आवाज ऐकू दे मला.”

“काय गो चेडवा, कोंडून घालतंस माका,” असं म्हणत ती उठली. लॅच खट्ट लागलं. मी पुण्यात बसून तो आवाज ऐकला आणि मला चक्क बरं वाटलं. रविवारी फोन करते म्हटलं आणि रविवारीच केला. तिने उचलला नाही, तेव्हा काकांना फोन करून दार ठोठावायला मीच सांगितलं.

असो. प्रवासाकडे वळते. स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली, तिकीट पाचशेच्या आसपास. शेजारची सीट रिकामी ठेवायचा नियम होता, तो खंडाळ्यापर्यंत टिकला. जाणार असाल तर लसीचं प्रमाणपत्र फोनमध्ये तर ठेवाच, पण कागदावरही छापून घ्या, कारण फोनची बॅटरी नेमकी दारातच संपते. दादरला उतरले तेव्हा फुलबाजाराच्या बाजूने एक भोंगा सतत ओरडत होता, मास्क लावा, अंतर ठेवा. त्या भोंग्याखालीच माणसं एकमेकांच्या खांद्यावरून झेंडूचा भाव करत होती. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

टॅक्सीत ड्रायव्हर आणि मी यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा होता. परळ मागे पडल्यावर त्याने विचारलं, “मॅडम, पुलावरून घेऊ का खालून?”

“वरून घ्या.”

लालबागचा पूल चाळींच्या वरच्या मजल्यांना जवळजवळ खेटून जातो. कोणाच्या दोरीवर काय वाळत घातलंय ते दिसतं. मी खाली मान घालून फोन बघत बसले आणि गिरगाव आल्यावर वर बघितलं.

सुनीलच्या बिल्डिंगच्या वॉचमनने कपाळावर बंदूक धरून माझं तापमान घेतलं. ते इतकं कमी आलं, की त्या यंत्राच्या मते मी जिवंत नसावे. त्याने तेच वहीत लिहिलं आणि आत सोडलं. संध्याकाळी आम्ही जवळच्या उपाहारगृहात गेलो. थालीपीठ आणि पियुष, दोन्ही पूर्वीसारखंच, मन लावून केलेलं. एकाआड एक टेबलावर फुली मारली होती.

“समोरासमोर नको, तिरके बसा,” वेटर म्हणाला.

“अरे, बहीण आहे माझी,” सुनील म्हणाला.

“बहीण असली तरी तिरकंच. वरून ऑर्डर आहे, भाऊ.”

असं तिरकं बसून सुनीलने मला सांगितलं, की काकांशी मजल्यावर कोणी बोलत नाही. फळा त्यांच्याकडून काढून घेतला. गणपतीला त्यांच्याकडे आरतीला कोणी गेलं नाही. “आणि माणूस पण असा, कोणाशी भांडत नाय रे,” तो म्हणाला. सुनील सगळ्यांनाच रे म्हणतो, मलाही. त्यालाही मी त्या फोनचं सांगितलं नव्हतं. थालीपीठ अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुनील टेम्पोच्या मागे गेला आणि मी एकटी लालबागला उतरले. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना मास्कमधूनही खोकला येतो, तेवढी सवय ठेवा, आणि खोकलात तर लोक वळून बघतात हेही लक्षात ठेवा. कारखान्यांमध्ये गणपती यंदाही बुटके होते. चाळीच्या दारात फळा होता, अक्षर नवीन, तिरपं. मास्क, सॅनिटायझर, गर्दी नको, आणि शेवटी: घरात हवा खेळती राहू द्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. वर गेले. मावशीच्या खोलीत कालनिर्णयाच्या खिळ्याला एक पिवळा पडलेला कागद अडकवला होता, टाळेबंदीच्या सुरुवातीचा, काकांनी घरोघर वाटलेला. दोनदा वाचला. हात धुवा, विनाकारण बाहेर पडू नका, वृद्धांची काळजी घ्या. दार लावण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तो नियम माझा होता. मी पुण्यात टीव्हीसमोर बसून तो तयार केला होता, कारण मला भीती वाटत होती आणि तिच्यावर ओरडणं सोपं होतं.

भांडी आणि तिच्या नऊवारी साड्या बांधल्या आणि शेजारी गेले. काकांनी मास्क लावला, मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. चहा केला. चहा निवेपर्यंत मी हवापाण्याचं बोलले आणि मग सांगून टाकलं, गुरुवारच्या फोनपासून लॅचच्या आवाजापर्यंत.

काकांनी मावशीच्या खोलीकडच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाले, “ह्या भिंतीवर वाजत होतं. शुक्रवारी दुपारी. मी म्हटलं, बंद खोलीत मांजर शिरलं असेल. शालन तर गावाला.”

मी कप खाली ठेवला.

“ते माझ्या वाट्याचं. ते मी कोणावर ढकलत नाही. पण दार लाव म्हणून मी नव्हतं सांगितलं. पन्नास वेळा बोललो ह्यांना.”

“म्हणूनच तुम्हाला सांगायला आले, काका.”

“मला सांगून काय? मी नाही सांगितलं हे मला ठाऊकच आहे. बाहेर सांग.”

बाहेर म्हणजे गॅलरीत. सहा दारं उघडी होती. नाईककाकू उंबऱ्यात मेथी निवडत होत्या, आणखी दोघी कठड्याला टेकून होत्या. काका माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले.

“झालं का गो आवरून?” काकूंनी विचारलं आणि आवाज खाली आणला. “त्याच्याकडे चहा घेतलास? बघ बाई.”

मी तोंड उघडलं. तेरा-चौदा पावलांची गॅलरी, तीन बायका, एक वाक्य. मी म्हटलं, “हो काकू, झालं. येते.”

मागे वळून बघितलं तेव्हा काका आत जात होते. त्यांनी दार लावून घेतलं. दुपारचे साडेबारा वाजले होते.

पुण्यात आल्याला आज नऊ दिवस झाले. मावशीचं पातेलं रोज वापरते. सुनीलला फोनवर सगळं सांगितलं. माझी मला लाज वाटते, आणि ती प्रवासाच्या थकव्यासारखी दोन दिवसांत उतरेल असं काही दिसत नाही. काल काकांना फोन केला. म्हटलं, लिहून पाठवते, फळ्यावर लावायला सांगा. ते म्हणाले, “फळा कोण वाचतो? वाचून दाखवावं लागतं.”

शनिवारच्या एसटीचं तिकीट काढलं आहे. तुम्हाला इथे आधी सांगून ठेवते आहे ते एवढ्यासाठी, की मला परत ‘येते’ म्हणून जिना उतरता येऊ नये. गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचायचं ते असं:

मी मनीषा, शालनमावशीची भाची. तिला दार लावायला मी सांगितलं. सावंतकाकांनी नाही. ती ऐकत नव्हती. मी आवाज ऐकेपर्यंत फोन ठेवला नाही.