शब्द संपेपर्यंत

शब्द तोडायच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी बिनदिक्कत सांगते. व्हाइटफील्डच्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे लहान लहान भाषांसाठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर बनतं. माझ्या वाट्याला ग्रीनलँडची भाषा आली. तिच्यातल्या सगळ्या शब्दांची यादी करायला बसलात तर जन्म पुरणार नाही, कारण बोलणारा माणूस मूळ शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत हवा तो शब्द जागच्या जागी घडवतो. ‘इल्लू’ म्हणजे घर, ‘इल्लोर्सुअक’ म्हणजे मोठं घर. ‘इल्लोकार्पोक’ म्हणजे त्याला घर आहे, आणि ‘इल्लोकान्न्गिलाक’ म्हणजे त्याला घर नाही. आहे की नाही, ते शेवट ऐकल्याशिवाय कळत नाही. शब्द तोडून तपासणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमने शेवटाआधीच जरा घाई केली की तो हटकून तोंडावर आपटायचा.

हे काम हाती आलं त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात काढलेले, मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प बसवणारे बाबा. त्यांची वाचाच बसली. मग हळूहळू शब्दांचे तुकडे परत येऊ लागले. ते ‘पा’ म्हणाले की आई पाणी घेऊन धावायची. बनशंकरीच्या आमच्या घरात त्यांचं बोलणं पुरं करायची शर्यतच लागलेली असायची.

पुढे ते रोज जेवताना ‘मुला... मुला...’ म्हणायला लागले. आईने अर्थ लावला, मुलाला फोन लावा. ती लगेच पुण्याला माझ्या भावाला व्हिडिओ कॉल करायची. बाबा मान फिरवायचे, आणि भाऊ बिचारा समजायचा की ते आपल्यावर रुसलेत. शेवटी तो नोकरी सोडून इकडे यायच्या गोष्टी करू लागला.

मला हे काही पटेना. ‘मुला’ हा नुसता सुरुवातीचा तुकडा. त्याच्यापुढे ‘ला’च येणार, हे ठरवलं कोणी?

एका रविवारी दुपारी आईने नेहमीसारखा बाबांच्या गळ्यात रुमाल बांधला आणि भाताचा चमचा पुढे केला. “आ करा बरं, शहाणे ना तुम्ही?”

“मुला...” बाबा म्हणाले.

आईने फोन उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, थांब, शब्द अजून संपलेला नाही.

थांबणं फार जड गेलं. बाबांचा ओठ थरथरत होता, कपाळावर घाम आला होता. मदत करायला माझा जीव नुसता तळमळत होता, पण मी तोंड उघडलं नाही.

“मुला...सा...रखं,” बाबा म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, “नको.”

आईने त्यांच्या गळ्यातला रुमाल सोडला आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. अर्धा भात मांडीवर सांडला. पुसायला कोणी उठलं नाही.