ओलेटाला ऐकू येत होतं

मार्च लागला तसा डॉर्सी क्रायडर रोज उजाडायच्या आधी पडवीत येऊन बसू लागला. अंगात जाड कोट, गुडघ्यांवर गोधडी, हातात कॉफीचा कप. कॉफी तो पीत नसे. किरणांच्या उपचारांनंतर गरम काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं, पण तळव्यांना ऊब हवी म्हणून कप धरायचा. समोर ओढा, ओढ्यापलीकडे ओकच्या झाडीने भरलेली डोंगराची धार. टर्की पक्ष्यांचे नर रात्री त्या धारेवरच्या उंच झाडांवर बसतात, आणि वसंतात तांबडं फुटताना तिथूनच माद्यांना साद घालतात. ती साद ऐकायला तो बसायचा.

"अजून तोंड उघडलं नाही लेकांनी," थोड्या वेळाने तो म्हणायचा. आवाज घासलेला, चाळणीतून गाळून आल्यासारखा.

"थंडी आहे अजून," त्याची बायको ओलेटा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची.

आणि ती हे म्हणत असतानाच धारेवर नर ढगासारखा गडगडून साद घालायचा. मग दूरच्या घळीतून दुसरा त्याला उत्तर द्यायचा. खिडकी बंद असली तरी ओलेटाला दोन्ही ऐकू यायचे. पहिल्या दिवशी तिला वाटलं, नवरा थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन ती बिस्किटांचं पीठ मळत राहिली, मऊ झालं तरी मळत राहिली.

डॉर्सीचा जन्म मिझूरीतल्या याच डोंगरांतला. शाळा अर्ध्यावर सुटली आणि उमेदीची सगळी वर्षं सॉ मिलमध्ये करवतीपाशी गेली. चर्चमध्ये त्याला गाता येत नसे, बाजारात भाव करता येत नसे, आणि याची त्याला लाजही नव्हती. एक गोष्ट मात्र त्याला अशी येत होती की दुसऱ्या तालुक्यांतले लोक ती बघायला यायचे. टर्कीच्या पंखातल्या तीन पोकळ हाडांची, एकात एक बसवलेली नळी ओठांत धरून तो मादीसारखी साद घालायचा. नळीत फुंकायचं नसतं, ओठ मिटून हवा आत ओढायची असते. बापाने लहानपणी शिकवलेलं. वर कोवळा सूर, मग तो घसरत खाली खरखरीत व्हायचा, आणि पलीकडच्या डोंगरावरचा शहाणा नर चालत त्याच्या पायाशी यायचा. कित्येकदा डॉर्सी बंदूक उचलायचाच नाही. आला, एवढं त्याला पुरायचं.

गेल्या उन्हाळ्यात दाढी करताना गळ्याशी गाठ लागली. घशाचा कॅन्सर निघाला. शहरातल्या इस्पितळात त्याला त्याचा मित्र हॉबर्ट आपल्या ट्रकमधून न्यायचा, कारण ओलेटाला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती. औषधाची बाटली लावताना नर्सने सांगितलं होतं की याने कानांवर परिणाम होतो, बारीक आवाज जाऊ शकतात. डॉर्सी म्हणाला होता, "बायकोचं ऐकू येणार नसेल तर दोन बाटल्या जास्त लावा." नर्स, हॉबर्ट आणि तो, तिघंही हसले होते. पुढे पोटात नळी घालून दूध द्यायची वेळ आली, अंगावरचं मांस उतरलं, एकदा तर चर्चच्या बायका जेवणाची भांडी घेऊन आल्या आणि ओलेटाला जवळ घेऊन अशा रडल्या की जणू तो गेलाच. डॉर्सी मात्र प्रत्येक डॉक्टरला एकच सांगायचा: एप्रिलपर्यंत मला उभं करा. जानेवारीत तपासणी स्वच्छ आली. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये त्याने खिशातून हाडांची नळी काढून ओठांना लावली. ओठ कोरडे पडलेले, नुसती हवा गेली.

कानांत रातकिडे वाजतात, एवढं तो सांगायचा. टीव्हीचा आवाज वाढत गेला. सॉ मिलमध्ये काम केलेल्या माणसाचं असं होतंच, म्हणून ओलेटानेही मनावर घेतलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर हॉबर्ट आला. पायरीवरूनच म्हणाला, "डॉर्सी, तुझ्या धारेवर काय जत्रा भरलीय का? सकाळी फाटकापाशी मी—" ओलेटाने डॉर्सीच्या मागून, त्याला दिसणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली. हॉबर्ट धान्याच्या दुकानात सगळ्यांची टर उडवणारा माणूस, खोटं बोलायला कधी अडला नव्हता. त्या दिवशी अडला.

"कसली जत्रा?" डॉर्सीने विचारलं.

"कावळ्यांची," हॉबर्ट म्हणाला. "टर्की कुठे उरल्यात आता. रॅकूननी अंडी फस्त केली सगळ्यांची."

डॉर्सीने ते धरूनच ठेवलं. त्या दिवसापासून तो रॅकूनना शिव्या घालू लागला, सापळे तपासू लागला, आणि रोज पहाटे तरीही बसत राहिला. जाताना हॉबर्टने अंगणात ओलेटाला विचारलं, हे कुठवर चालवणार. सांगावं तर ज्याच्या आधाराने तो इस्पितळातून चालत बाहेर आला ते जातं. न सांगावं तर धार ओस पडली असं समजून तो आणखी खचतो. दोन्हीकडून तेच हाती येत होतं, म्हणून ती दिवस ढकलत राहिली.

एप्रिलात शिकारीचा हंगाम उघडायच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी दोघं पडवीत होते. डॉर्सी अचानक उठला आणि तोंडाभोवती हात धरून घुबडासारखा हुंकारला. दिवस मावळताना घुबड ओरडलं की झाडावर चढलेला नर चिडून हमखास साद देतो, आणि तो कुठे बसलाय ते कळतं. ही सगळ्यांचीच रीत. दुसरी रीत अशी, की साद आली की कोणी बोलत नाही. ज्याने ऐकली त्याने नुसतं बोट करायचं. लग्नाच्या पहिल्या वसंतापासून ओलेटा डॉर्सीबरोबर रानात गेलेली. नर गडगडला आणि तिचा हात आपोआप वर गेला, बोट धारेकडे.

तिने हात केसांकडे वळवला, पण उशीर झाला होता. डॉर्सी तिच्या बोटाकडे बघत होता.

"कुठे?" त्याने हळू विचारलं.

"घळीच्या तोंडाशी. पाइनच्या खालच्या अंगाला."

"कधीपासून?"

"मार्च लागल्यापासून."

तो खाली बसला. गोधडी गुडघ्यांवर ओढून म्हणाला, "आणि मी महिनाभर त्या बिचाऱ्या रॅकूनना शिव्या देतोय."

कानाच्या डॉक्टरकडे दोघं गेले. यंत्राने आवाज मोठा होईल, पण गेलेले सूर येणार नाहीत, आणि आवाज कुठून आला ते कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. डॉर्सीने यंत्र घेतलं नाही. ओलेटा म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. मी ऐकेन, तू बोलव." तो हो म्हणाला, पण ते तिच्या समाधानासाठी होतं.

हंगामाच्या पहिल्या सोमवारी दोघं एका ओकच्या बुंध्याला टेकून बसले. चढ चढताना तो तीनदा थांबला होता. उजेड फुटला, नर गडगडला, ओलेटाने बोट केलं. डॉर्सीने बाटलीतलं पाणी ओठांना लावलं, नळी धरली आणि हवा ओढली. साद निघाली, पण वरचा कोवळा सूर फुटला, फाटक्या कापडासारखा. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्याच्या कानाला तो नेहमीसारखाच लागला होता. नराने तरी उत्तर दिलं. तिने बोट केलं. नर जवळ आला, तिने पुन्हा बोट केलं, आणि डॉर्सीचे डोळे चमकले, तसे ते गेल्या उन्हाळ्यापासून चमकले नव्हते. मग त्याने पुन्हा साद घातली, मोठ्याने, फार मोठ्याने, आणि लगेच आणखी एकदा. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं की नर जवळ आला की गप्प बसा, त्यानेच. झुडपांमागे पाचोळ्यात चालणारे पाय थांबले. मग ते उलटे, घाईने दूर गेले.

डॉर्सी रानाकडे बघतच नव्हता. तो ओलेटाच्या हाताकडे बघत होता. नर गेला तरी बोट उचलून धरणं तिच्या हातात होतं. तेवढ्यावर तो दुपारपर्यंत तिथे सुखाने बसला असता. तिने हात मांडीवरच ठेवला.

"गेला?"

"गेला."

"वरचा सूर फुटतोय का?"

ओलेटाने मान हलवली, हो.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. बंदुकीतली काडतुसं काढून त्याने एकेक खिशात टाकली.

उद्या थोडं वरच्या अंगाला बसून बघू, असं ती म्हणाली. तो झाडाला धरून उठला. "उद्या झोप तू जरा. किती दिवस पहाटे उठतेयस."

तो पुढे, ती मागे, असे ते उतार उतरू लागले. ओढा दिसू लागला होता तेव्हा मागे, अगदी जवळ, नर गडगडला. लागोपाठ दोनदा, मोठ्याने, उघड्यावर आल्यासारखा. ओलेटाचं पाऊल क्षणभर अडखळलं. डॉर्सी दगड बघत, जपून पाय टाकत चालला होता. ती हात न उचलता, त्याच्या पाठीवर नजर ठेवून त्याच्यामागून चालत राहिली.