चालकाशी बोलू नये

बसमध्ये चढलं की ड्रायव्हरच्या डोक्यावरची पाटी दिसते, ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये’, आणि मला म्हसवडच्या गाडीतली ती दुपार आठवते. साताऱ्यातून निघतानाच ड्रायव्हरचे डोळे लाल होते. बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून रात्रभर गाडी चालवून आलेल्या त्यालाच पुन्हा पाठवलं होतं. त्यामुळे कंडक्टरबाई तिकिटं काढून झाल्यावर केबिनच्या दांड्याला टेकून उभ्याच राहिल्या आणि त्याच्याशी बोलत राहिल्या: डब्यात काय हाय, कांदा किती निघाला, लेकीला स्थळ आलंय त्याचं काय ठरलं. तोही हसून काहीबाही सांगायचा. खिडक्यांतून गरम वारा येत होता, डिझेलचा वास होता, निम्मी बस पेंगत होती. कोरेगाव मागे पडलं आणि पुढच्या सीटवरचे एक रिटायर फौजी खेकसले, “आवं बाई, पाटी वाचता येती न्हवं? माणसं हायत गाडीत!” बाईंचा चेहरा उतरला. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. फौजींचं बरोबरच आहे, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मग गाडी शांत झाली, आणि थोड्या वेळानं ब्रेकसुद्धा न लागता ती उसाच्या ट्रॉलीवर आदळली. आम्हाला नुसतं खरचटलं. ड्रायव्हरची बाजू पार चेपली. बाई त्या चेपलेल्या दाराशी उभ्या राहून त्याचा हात धरून म्हणत होत्या, “आवं, डोळं मिटू नगासा. लेकीचं काय ठरलं, सांगा की.” गप्प बसा, असं त्यांना आता कुणीच म्हणत नव्हतं. अजूनही ड्रायव्हर जांभई देताना दिसला की मी त्या पाटीखाली जाऊन उभा राहतो आणि विचारतो, “मामा, जेवण झालं का?”