आमचा हिरवा चुंबक

प्रयोगशाळेतल्या फुटक्या नळ्या फेकता येतात. किस्से मात्र साचत जातात. मला ते नीट सांगता येतील का, शंकाच आहे. तरी सांगतो!

निवृत्तीनंतर भंडाऱ्याच्या कॉलेजात माझ्याकडे पीएचडीची एकच विद्यार्थिनी उरली होती, आसगावची वैशाली. आम्ही टर्बियम धातूचे रेणू बनवत होतो. जांभळ्या दिव्याखाली ते हिरवे चमकायचे. त्यांचे प्रकार दोन, डावा आणि उजवा. अतिथंडीत त्यांतला एकेक रेणू चुंबकासारखा वागेल, ही कल्पना माझी. नाही वागला, तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात!

*

त्या रेणूंचे स्फटिक वाढताना धक्का नको, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. मी मात्र सारखा काचपात्र उचलून बघायचो. शेवटी वैशाली वैतागली.

"सर, झोपलेल्या लेकराले हलवून 'झोपला का रे?' विचारते का कोणी?"

दुसऱ्या दिवशी काचपात्र कपाटात आणि कपाटावर चिठ्ठी: 'सरांनी उघडू नये!'

*

ऐन वेळी आमचा जांभळा दिवा गेला. वैशालीचे मामा मोहाडीला धानाचे व्यापारी. त्यांनी दुकानातलं नोटा तपासायचं मशीनच आणलं. त्यातल्या जांभळ्या दिव्याखाली आमची पूड धरली, तर हिरवीगार!

"असली आहे पोरी!" मामा ओरडले. "बाजारात चालते का?"

*

धानाची रोवणी आटोपल्यावर वैशालीचे बाबा, नामदेवराव, लॅब बघायला आले. डावे-उजवे रेणू मिसळू नयेत, म्हणून आम्ही ते वेगळ्या कपाटांत ठेवायचो. मी चपलांचं उदाहरण दिलं. दिसायला सारख्या, पण डावी उजव्या पायात बसत नाही.

"ते समजलं सर. पण चपलेचा जोड कोणी दोन कपाटांत ठेवते का? अन् चुंबक आहे, तर खिळा काहून उचलत नाही?"

"त्याला भयंकर थंडी लागते. हिमालयातही मिळणार नाही इतकी."

"मंग भंडाऱ्यात कायले बनवून राहिले?"

मी चहा मागवला.

*

तेवढं थंड करून मोजणारं यंत्र दूरच्या एका संस्थेत होतं. दोन्ही नमुने तिकडे पाठवले. वाट पाहताना वैशालीचं जेवण सुटलं, माझी झोप उडाली.

एका दुपारी फोन आला. डावा, उजवा, दोन्ही चुंबक! वैशाली नाचतच बाबांना कळवायला धावली. मला मात्र खरंच वाटेना. व्हरांड्यात जाऊन मी हळूच त्या संस्थेत फोन लावला.

"माफ करा, तुमचं मशीन बिघडलेलं तर नाही ना?"

पलीकडचा ऑपरेटर म्हणाला,

"सर, चुंबक नाही निघाला की लोक आमच्या मशीनवर शंका घेतात. निघाल्यावर घेणारे तुम्ही पहिलेच!"