दोन रविवारचं पॉलिश

वाशीच्या आमच्या फ्लॅटवर तो एकदाच आला. वडील वारल्यावर त्यांची लायसनची जुनी लष्करी रायफल विकायची होती. हा माणूस फौजेत हत्यारं दुरुस्त करून रिटायर झालेला. बंदुकीच्या दुकानदाराने त्याला किंमत ठरवायला पाठवलं होतं.

त्याने चहाला हात लावला नाही. बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याचं दोनदा बघितलं. मग अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरून त्यावर खिडकीतला उजेड घेतला आणि पुढून आत डोकावला.

"आतून लख्ख हाय," तो म्हणाला.

मग बोल्टवरचा नंबर तो वाचू लागला आणि नळीवरचा मी. लॉटरीचं तिकीट तपासावं तसा एकेक आकडा जुळत गेला. शेवटचा सातही जुळला.

"एकदम ओरिजिनल." तो पहिल्यांदाच हसला. मनातल्या मनात मी रंगीत टीव्ही घेऊनसुद्धा टाकला.

तेवढ्यात लाकडी दस्त्यावर फिरणारा त्याचा अंगठा थांबला.

"हे पॉलिश कुनी केलं?"

"मीच," मी ऐटीत म्हणालो. "दोन रविवार घासत होतो. इथे बारीकसा खळगा होता, तोही सपाट केला."

"भाव चांगलाच देतो, साहेब. पन तो खळगा असता तर अजून दिला असता."

"खळग्याचे पैसे?"

त्याने दस्ता गालाला लावून दाखवला. "नेम धरताना गाल इथं टेकतो. तुमच्या वडिलांनी किती वर्षं टेकला असंल, तवा पडला तो."

मी त्या जागेवरून बोट फिरवलं. लाकूड अगदी गुळगुळीत लागलं.